क्वीअर कुटुंबकथा (भारत)

क्वीअर कुटुंबकथा म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींनी आपल्या कुटुंबाविषयी, तसेच त्यांचे आईवडील, भावंडे, जोडीदार व गुरू-चेले यांनी त्यांच्याविषयी जाहीरपणे सांगितलेल्या किंवा लिहिलेल्या जीवनकथा. आत्मचरित्र, मुलाखत, वृत्तपत्रीय लेख, नाटक, माहितीपट, न्यायालयापुढील अर्ज आणि जनसुनावणीतील साक्ष अशा अनेक रूपांत त्या आढळतात. भारतात या कथांना साहित्यिक महत्त्वाइतकेच राजकीय महत्त्वही आहे. अशी माणसे आपल्याकडे नाहीत, असली तर नगण्य आहेत आणि भारतीय कुटुंबात त्यांना स्थान नाही, ही तीन विधाने कायद्यातून, शासकीय प्रतिज्ञापत्रांतून आणि रस्त्यावरील आंदोलनांतून वेळोवेळी करण्यात आली. ही विधाने कुटुंबाच्या नावाने केलेली असल्यामुळे त्यांचे उत्तरही कुटुंबाच्या तोंडून येणे क्रमप्राप्त होते.

संज्ञा

'क्वीअर' हा शब्द इंग्रजीत मुळात हेटाळणीसाठी वापरला जात असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस संबंधित समूहांनी तो स्वतःहून स्वीकारला आणि त्याला सन्मानाचा अर्थ दिला. मराठीत या सर्व समूहांना एकत्र सामावणारा रूढ शब्द नसल्याने तो तसाच वापरला जातो. 'समलिंगी' हा शब्द केवळ आकर्षणाविषयी बोलतो. 'पारलिंगी' हा शब्द जन्मतः नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असणाऱ्यांसाठी आहे. 'हिजडा' या शब्दातून लिंगओळखीबरोबरच एका परंपरागत जमातीचे सदस्यत्वही सूचित होते.

'कुटुंब' या शब्दाचा मराठीतील प्रवासही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. जुन्या पिढीतील पुरुष आपल्या पत्नीचा उल्लेख 'आमचे कुटुंब' असा करीत. एकत्र कुटुंब, विभक्त कुटुंब, चौकोनी कुटुंब हे शब्दप्रयोग त्यानंतरच्या काळात रूढ होत गेले. जो शब्द शंभर-सव्वाशे वर्षांत इतक्या वेळा बदलला, त्याचा एकच अर्थ अनादी काळापासून चालत आला आहे असे गृहीत धरणे भाषेच्या दृष्टीने तरी कठीण आहे.

अभ्यासक सामान्यतः दोन प्रकारच्या कुटुंबांत फरक करतात : ज्यात माणूस जन्मतो ते जन्मकुटुंब आणि ज्यांच्याबरोबर तो पुढे स्वेच्छेने नाते जोडतो ते निवडलेले कुटुंब. प्रस्तुत लेखातील बहुतेक वाद या दोहोंपैकी कोणते कुटुंब कायद्याला दिसते, या प्रश्नाभोवती फिरतात.

पार्श्वभूमी

भारतीय दंड संहिता १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या कलम ३७७ ने 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंध हा गुन्हा ठरवला. या कलमाची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग फारसा परिचित नाही. वास्तविक कुटुंबाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध अधिक थेट आहे.

या दुसऱ्या भागाचा विषय ब्रिटिश प्रशासन ज्यांना 'युनक' म्हणजे षंढ म्हणत असे त्या लोकांचा, प्रामुख्याने हिजडा समाजाचा होता. तो आरंभी वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब येथे लागू करण्यात आला. संशयित व्यक्तींची व त्यांच्या मालमत्तेची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी दिसणे किंवा नाचणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. सोळा वर्षांखालील मुलगा घरात ठेवण्यास बंदी आली. याखेरीज नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीला अज्ञान मुलाचे पालकत्व घेता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही आणि मुलगा दत्तक घेता येणार नाही, अशीही तरतूद होती.

या चारही गोष्टी कुटुंबाच्या सातत्याशी निगडित आहेत. पालकत्व, दान, वारसा आणि दत्तक हे मार्ग बंद केले म्हणजे गुरूचे घर चेल्याकडे जात नाही आणि जमातीची पुढची पिढी उभी राहत नाही. इतिहासकार जेसिका हिंची यांनी १८५० ते १९०० या काळातील वसाहतकालीन धोरणावरील आपल्या २०१९ च्या ग्रंथात दाखवले आहे की, हा समाज हळूहळू नामशेष व्हावा हाच प्रशासनाचा हेतू होता. तो सफल झाला नाही. हिजडा समाजाची घराणी टिकली आणि मुंबईसारख्या शहरांत ती आजही आपापल्या नावांनी ओळखली जातात.

'फायर' चित्रपटाचा वाद

दीपा मेहता दिग्दर्शित 'फायर' हा चित्रपट १९९८ मध्ये भारतात प्रदर्शित झाला. दिल्लीतील एका मध्यमवर्गीय एकत्र कुटुंबातील दोन जावांमध्ये निर्माण होणारे प्रेम हा त्याचा विषय आहे. २ डिसेंबर १९९८ रोजी मुंबईतील चित्रपटगृहांत शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्यांनी तोडफोड करून त्याचे खेळ बंद पाडले. पाठोपाठ दिल्लीतही तसेच घडले. असे संबंध भारतीय कुटुंबात असूच शकत नाहीत, असा विरोधकांचा दावा होता.

याच्या निषेधार्थ दिल्लीत झालेल्या निदर्शनांत काही स्त्रियांनी आपण भारतीय आणि लेस्बियन असल्याचे फलक हाती धरले. अशा प्रकारे उघडपणे उभे राहण्याचा तो देशातील आरंभीचा प्रसंग होता. चित्रपटातील कथा काल्पनिक होती. फलक धरणाऱ्या स्त्रिया खऱ्या होत्या. पुढील वर्षी, १९९९ मध्ये, अश्विनी सुखठणकर यांनी संपादित केलेला 'फेसिंग द मिरर' हा भारतीय लेस्बियन स्त्रियांच्या लेखनाचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील अनेक लेखिकांनी टोपणनावाने लिहिले आहे, यावरून त्या वेळच्या धास्तीची कल्पना येते.

माया शर्मा यांचे 'लव्हिंग विमेन' (२००६) हे पुस्तक या मालिकेत विशेष मोलाचे आहे. कष्टकरी व ग्रामीण वर्गातील, स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांच्या जीवनकथा त्यात आहेत. समलैंगिकता ही शहरी श्रीमंतांची चैन आहे, हा आक्षेप न्यायालयात मांडला जाण्याच्या सतरा वर्षे आधीच त्याचे उत्तर या पुस्तकात छापलेले होते.

मराठी साहित्य व रंगभूमी

विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. सुमित्रा ऊर्फ मित्रा या तरुणीचे दुसऱ्या मुलीवरील प्रेम व त्यातून ओढवलेला तिचा शोकान्त हा त्याचा विषय आहे. शीर्षकात सांगितल्याप्रमाणे ही मित्राची गोष्ट आहे. पण ती सांगतो तिचा मित्र बापू. त्या काळी हा विषय रंगमंचावर आणणे धाडसाचेच होते. तरी तिची कहाणी तिच्या घराने सांगावी किंवा तिने स्वतः सांगावी, अशी जागा मराठी समाजात तेव्हा निर्माण झालेली नव्हती.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही कादंबरी मात्र पूर्णपणे घरातच घडते. पुण्यातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात भाडेकरू म्हणून आलेल्या एका तरुणावर घरातील मुलगा तनय आणि मुलगी अनुजा या दोघांचेही प्रेम जडते. अनुजा त्याच्याबरोबर पळून जाते आणि काही महिन्यांनी एकटी परत येते, तेव्हा सारे घर तिच्याभोवती गोळा होते : तिची अब्रू, तिची प्रकृती, तिचे पुढचे लग्न. तनयचेही काही हरवले आहे हे कोणाच्या गावीही नसते. त्याच्यावर कोणी रागावत नाही, कोणी त्याला घराबाहेर काढत नाही. त्याच्या दुःखासाठी घराच्या व्यवहारात शब्दच नसतो. कायद्यातील विलोपनाचा घरगुती नमुना म्हणून या कादंबरीकडे पाहता येते. जेरी पिंटो यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तर कुंडलकर यांनीच दिग्दर्शित केलेला चित्रपट २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला.

नाटककार चेतन दातार (निधन २००८) यांचे 'एक माधवबाग' हे एकपात्री नाटक आईच्या बाजूने लिहिलेले आहे. मुलाच्या डायरीतून त्याचे समलिंगी असणे आईला कळते आणि तिचा धक्का, राग, अपराधीपणा व समज असा प्रवास प्रेक्षकांसमोर उलगडतो. अभिनेत्री मोना आंबेगावकर यांनी त्याचे प्रयोग अनेक वर्षे केले. नाट्यगृहांबरोबरच पालकांच्या मेळाव्यांसारख्या ठिकाणी उपयोगी पडावे असे त्याचे स्वरूप आहे.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्टची स्थापना केली. त्यांची 'पार्टनर' ही कादंबरी आणि 'इंद्रधनू' हे माहितीपर पुस्तक मराठी वाचकांत परिचित आहे. 'मनाचिये गुंती' या त्यांच्या संकलनात समलिंगी मुलामुलींच्या पालकांचे अनुभव एकत्र केले आहेत. ज्या पालकांना इंग्रजीतील समुपदेशन साहित्य परके वाटते, त्यांना आपल्याच बोलीत कोणी बोलताना ऐकू यावे, ही या पुस्तकाची खरी उपयुक्तता आहे. 'मुलाला असे कसे झाले' येथपासून 'लोकांना काय सांगायचे' येथपर्यंतचे प्रश्न मराठी घरांत ज्या शब्दांत विचारले जातात, त्यांची भाषांतरे सहज होत नाहीत.

पालकांचा न्यायालयीन हस्तक्षेप

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी नाझ फाउंडेशन खटल्यात प्रौढांमधील खाजगी व परस्परसंमत संबंध कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले. या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपिले दाखल झाली. अपील करणाऱ्यांपैकी अनेकांचा युक्तिवाद भारतीय कुटुंबसंस्था धोक्यात येईल असा होता. तेव्हा २०११ मध्ये समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी मुलांच्या १९ पालकांनी हस्तक्षेप अर्ज दाखल केला. मिन्ना सरन यांचे नाव अर्जात प्रथम असल्याने तो 'मिन्ना सरन व इतर' या नावाने ओळखला जातो. 'माती माय' या मराठी चित्रपटाच्या दिग्दर्शिका आणि रंगकर्मी चित्रा पालेकर या अर्जदारांपैकी एक होत्या. आपली मुलगी लेस्बियन आहे, हे त्यांनी अर्जाबाहेरही लेखांतून व भाषणांतून मोकळेपणाने सांगितले आहे.

पालकांची भूमिका साधी होती. कुटुंबाच्या रक्षणासाठी हे कलम हवे असे म्हटले जाते. आम्हीही कुटुंबेच आहोत आणि या कलमामुळे आमच्या घरातील मूल गुन्हेगार ठरते. कुटुंबसंस्थेच्या वतीने बोलण्याचा एकाधिकार त्यामुळे विरुद्ध पक्षाकडे राहिला नाही. पालकांच्या बाजूने ज्येष्ठ विधिज्ञ फली नरिमन उभे राहिले.

११ डिसेंबर २०१३ रोजी सुरेशकुमार कौशल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला. निकालपत्रात या लोकांचे लोकसंख्येतील प्रमाण अत्यल्प असल्याचे आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी व्यक्तींवर या कलमाखाली खटले चालल्याचे नमूद करण्यात आले. संख्या थोडी, म्हणून हक्काचा प्रश्न गौण, असा या मांडणीचा अर्थ अनेक घटनातज्ज्ञांनी लावला व त्यावर टीका केली.

लीला सेठ यांचा लेख

कौशल निकालानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात लीला सेठ यांच्या लेखाचे स्थान वेगळे आहे. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश म्हणून १९९१ मध्ये नियुक्त झालेल्या सेठ या भारतातील कोणत्याही उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश होत. कादंबरीकार विक्रम सेठ हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र. आपल्या 'ऑन बॅलन्स' (२००३) या आत्मचरित्रात त्यांनी मुलाच्या लैंगिकतेविषयी व ती समजून घेताना स्वतःला पडलेल्या अडचणींविषयी आधीच लिहिले होते. डिसेंबर २०१३ मध्ये विक्रम सेठ यांनी 'इंडिया टुडे'च्या मुखपृष्ठावर, आपण गुन्हेगार नसल्याचे लिहिलेली पाटी हातात धरलेले छायाचित्र दिले.

२६ जानेवारी २०१४ रोजी, म्हणजे प्रजासत्ताक दिनी, 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये लीला सेठ यांचा लेख प्रसिद्ध झाला. आई आणि माजी न्यायाधीश अशा दोन्ही नात्यांनी त्यांनी तो लिहिला. आपल्या मुलांची ओळख करून देत त्या थोरल्यापाशी येतात आणि हा मुलगा आता कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार आहे, हे शांतपणे नोंदवतात. नंतर निकालाचे कायदेशीर परीक्षण येते. मूलभूत हक्कांच्या बाबतीत माणसांची संख्या अप्रस्तुत असते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. एकाच लेखात घरातील माणसाविषयीची कळकळ आणि निकालपत्राची चिकित्सा यांचा असा मेळ भारतीय वृत्तपत्रांत क्वचितच आढळतो. दोनच दिवसांनी, २८ जानेवारी रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विलोकन याचिका फेटाळल्या. कलम ३७७ बाबतचा अंतिम निकाल लागण्याच्या वर्षभर आधी, मे २०१७ मध्ये, लीला सेठ यांचे निधन झाले.

६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने प्रौढांमधील परस्परसंमत संबंध गुन्हेगारीमुक्त केले. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात, शतकानुशतके सोसाव्या लागलेल्या मानहानीबद्दल व बहिष्काराबद्दल इतिहासाने या समूहाची आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही क्षमा मागितली पाहिजे, अशा आशयाचे उद्गार काढले. या वाक्याचा पूर्वार्ध वारंवार उद्धृत होतो. कुटुंबीयांचा उल्लेख बहुधा गळतो. पालकांची बाजू मांडणाऱ्या फली नरिमन यांचे पुत्र न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन हे या पीठाचे सदस्य होते, हा योगायोगही नोंदवण्यासारखा आहे.

विवाहसमानतेचा खटला

गुन्हेगारीचा शिक्का पुसला गेल्यावर वाद पुन्हा कुटुंबाच्या व्याख्येवर आला. समलिंगी विवाहांना मान्यता मिळावी यासाठी दाखल झालेल्या याचिकांना (सुप्रियो विरुद्ध भारत सरकार) उत्तर देताना केंद्र सरकारने मार्च २०२३ च्या प्रतिज्ञापत्रात म्हटले की, समलिंगी जोडीदारांचे एकत्र राहणे हे पती, पत्नी व त्यांची अपत्ये या भारतीय कुटुंबाच्या संकल्पनेशी तुलनीय नाही. एप्रिलमध्ये केलेल्या अर्जात ही मागणी शहरी अभिजनांची असल्याचेही म्हटले गेले.

सुनावणी १८ एप्रिल ते ११ मे २०२३ या काळात झाली आणि तिचे थेट प्रक्षेपण करण्यात आले. ती चालू असतानाच 'स्वीकार : द रेनबो पेरेंट्स' या पालकगटाने सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांना पत्र लिहिले. चारशेहून अधिक पालक या गटाशी जोडलेले होते. श्रीधर रंगायन यांच्या 'इव्हनिंग शॅडोज' या चित्रपटाच्या निमित्ताने २०१७ च्या सुमारास हा गट आकाराला आला. मुलाचे समलिंगी असणे समजून घेणारी आई हाच त्या चित्रपटाचाही विषय आहे. पत्रात पालकांनी आपला अज्ञानापासून स्वीकारापर्यंतचा प्रवास सांगितला आणि आपण वृद्ध होत चाललो असून मुलांची लग्ने डोळ्यांदेखत व्हावीत, अशी इच्छा व्यक्त केली. मुलांचे लग्न पाहून डोळे मिटावेत ही भावना कोणत्याही भारतीय आईबापांना समजावून सांगावी लागत नाही. अभिजनांची मागणी या आरोपाला दिलेले हे उत्तर म्हणूनच प्रभावी ठरले.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. नागरी सहजीवनाला मान्यता व दत्तकाचा हक्क हे दोन्ही मुद्दे ३ विरुद्ध २ अशा मताने नाकारण्यात आले. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी अल्पमतातील निकालपत्रात क्वीअर असणे हे शहरी वा उच्चवर्गीय नसल्याचे सांगताना खेड्यात शेतावर राबणाऱ्या स्त्रीचा दाखला दिला. पुनर्विलोकन याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. दरम्यान २०२४ मध्ये केंद्र सरकारने समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातील समजावे आणि संयुक्त बँक खाते उघडून एकमेकांना नामनिर्देशित करता यावे, अशा सूचना जारी केल्या. शिधापत्रिकेवर कुटुंब आणि विवाहनोंदणीत परके, अशी ही सद्यःस्थिती आहे.

हिजडा समाजातील नाती

पालकांच्या कथांना मिळालेल्या प्रसिद्धीच्या तुलनेत हिजडा समाजाच्या कुटुंबपद्धतीकडे दुर्लक्ष झाले आहे. या समाजात गुरू व चेला हे मूलभूत नाते असून गुरूची गुरू ती 'नानी', तर एकाच गुरूचे चेले ही परस्परांची भावंडे, अशी नात्यांची संपूर्ण उतरंड असते. जमातीत प्रवेश देताना 'रीत' केली जाते. आजारपण, म्हातारपण आणि अंत्यविधी यांची जबाबदारी याच नात्यांवर असते. काही घराण्यांत गुरूच्या निधनानंतर चेले बांगड्या फोडून विधवेप्रमाणे शोक पाळतात. या पद्धतीत शोषणही आहे, गुरूचा धाक व कमाईतील वाटा यांविषयीच्या तक्रारी आत्मचरित्रांत स्पष्टपणे आल्या आहेत. परंतु शोषण आहे म्हणून ते कुटुंब नव्हे, असे म्हटल्यास रक्ताची कुटुंबेही त्या कसोटीला उतरणार नाहीत.

तमिळनाडूतील लिव्हिंग स्माइल विद्या आणि ए. रेवती यांची आत्मकथने, तसेच ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले 'मी हिजडा, मी लक्ष्मी' (२०१२) हे पुस्तक, या जगाची आतून ओळख करून देतात. त्रिपाठी यांनी जमातीत प्रवेश करूनही जन्मकुटुंबाशी नाते टिकवले. दोन्ही कुटुंबे एकाच वेळी सांभाळण्याची ही कसरत हा पुस्तकाचा महत्त्वाचा भाग आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण (नालसा) खटल्यात त्या हस्तक्षेपक होत्या आणि १५ एप्रिल २०१४ च्या निकालपत्रात त्यांनी सांगितलेली जीवनकहाणी नोंदवली गेली आहे. सांगितलेली गोष्ट थेट कायद्याच्या दस्तऐवजाचा भाग झाल्याचे हे ठळक उदाहरण होय.

त्यानंतर संमत झालेल्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ मध्ये मात्र कुटुंबाची व्याख्या रक्तसंबंध, विवाह किंवा कायदेशीर दत्तक यांनी जोडलेल्या व्यक्तींचा समूह अशी करण्यात आली. जन्मकुटुंब सांभाळण्यास असमर्थ असेल तर न्यायालयाने त्या व्यक्तीला पुनर्वसन केंद्रात पाठवावे, असे त्यात आहे. गुरूचे घर हा पर्याय कायद्याला दिसत नाही. १८७१ च्या कायद्याने चेल्याला वारस होऊ दिले नाही. २०१९ च्या कायद्याने त्याला नातलग मानले नाही. दोन्ही कायद्यांचे हेतू अगदी भिन्न असूनही या एका बाबतीत परिणाम सारखा आहे. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या लिंगवर्गात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. त्या कोणाबरोबर, कोणत्या नात्याने राहतात, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

टीका व मर्यादा

पालककथांवरील मुख्य आक्षेप असा की, त्या सुखान्त असतात. आधी धक्का, मग अश्रू, शेवटी स्वीकार, हा क्रम इतका ठरून गेला आहे की ज्यांच्या घरी स्वीकार झालाच नाही त्यांच्या कहाण्या अपवाद वाटू लागतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. पश्चिम बंगालमधील नंदीग्राम परिसरात २०११ मध्ये दोन तरुणींनी एकत्र आत्महत्या केली. त्यांचे मृतदेह ताब्यात घेण्यास घरचे पुढे आले नाहीत. या घटनेवर देबलीना यांनी 'एबंग बेवारिश' (आणि बेवारस) हा माहितीपट केला.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि लेस्बियन, उभयलिंगी स्त्रिया व पारलिंगी व्यक्तींच्या राष्ट्रीय जाळ्याने एप्रिल २०२३ मध्ये एक बंदिस्त जनसुनावणी घेतली. 'अपनों का बहुत लगता है' हे तिच्या अहवालाचे नाव. कोंडून ठेवणे, मारहाण, सक्तीचे विवाह आणि पोलिसांकरवी परत आणणे यांच्या साक्षी त्यात आहेत. विवाहसमानतेच्या खटल्यातील ऋतुपर्णा बोरा व इतर यांच्या याचिकेने हाच मुद्दा मांडला होता : ज्यांना जन्मकुटुंबापासून संरक्षण हवे आहे, त्यांना आपले नातलग कोण हे ठरवण्याचा अधिकार द्यावा. पालकांची पत्रे आणि या साक्षी एकाच महिन्यात पुढे आल्या. त्या परस्परविरोधी नाहीत, पण वृत्तपत्रांत जागा मात्र बहुतांशी पत्रांना मिळाली.

दुसरा आक्षेप जातीचा. मे २०१५ मध्ये पद्मा अय्यर यांनी आपले पुत्र, कार्यकर्ते हरीश अय्यर यांच्यासाठी वर हवा अशी जाहिरात 'मिड-डे'मध्ये दिली. काही वृत्तपत्रांनी ती आधी नाकारली होती. भारतातील अशी ही पहिली जाहिरात म्हणून तिचे स्वागत झाले. तथापि जातीची अट नाही असे म्हणून पुढे अय्यर असल्यास प्राधान्य असे त्यात लिहिले असल्याने तीव्र टीकाही झाली. पद्मा अय्यर यांनी ते गमतीने लिहिल्याचे सांगितले. विवाहाच्या जाहिरातीचा साचा उसना घेतला की त्यातील जातही पाठोपाठ येते, हे दलित क्वीअर लेखकांचे म्हणणे या प्रसंगाने अधोरेखित केले.

शालेय शिक्षण

शाळेत या कथांना जवळपास स्थान नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये पारलिंगी मुलांच्या समावेशनाविषयी शिक्षकांसाठी प्रशिक्षण-पुस्तिका प्रसिद्ध केली होती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार गेल्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये ती संकेतस्थळावरून काढून घेण्यात आली. पाठ्यपुस्तकांतील 'माझे कुटुंब' हा पाठ बहुतांशी आई, वडील, भाऊ, बहीण, आजी आणि आजोबा यांच्या चित्रापुढे जात नाही. एकल पालक वा आजोळी वाढणारी मुलेही त्या चित्रात क्वचितच सापडतात.

अलीकडील न्यायालयीन भूमिका

न्यायालयांची भाषा मात्र बदलत आहे. दीपिका सिंग खटल्यात (ऑगस्ट २०२२) सर्वोच्च न्यायालयाने मातृत्व रजेच्या प्रश्नावर निर्णय देताना क्वीअर नातेसंबंधांसह विविध प्रकारची कुटुंबे कायद्याच्या संरक्षणास पात्र असल्याचे म्हटले. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी २०२१ मध्ये, घरातून निघून आलेल्या दोन तरुणींच्या प्रकरणात, विषय समजून घेण्यासाठी स्वतः समुपदेशन घेतले व तसे निकालपत्रात लिहिले. तरुणींच्या व त्यांच्या पालकांच्या कहाण्या त्यांनी दालनात बसून ऐकल्या होत्या. त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने मे २०२५ मध्ये, जन्मकुटुंबाने अडवून ठेवलेल्या एका तरुणीला मुक्त करताना, कुटुंब स्थापण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नसल्याचे आणि निवडलेले कुटुंब ही संकल्पना कायद्यात मान्य होत असल्याचे नमूद केले.

जतन

या कथांचा बराचसा भाग ध्वनिफिती, चित्रफिती, पत्रके आणि खाजगी पत्रव्यवहाराच्या स्वरूपात विखुरलेला आहे. बंगळुरू येथील क्वीअर स्मृतिसंग्रह 'कामरा' हा माहितीपटकार टी. जयश्री यांच्या अनेक वर्षांच्या चित्रीकरणातून उभा राहिला असून तो तेथील राष्ट्रीय विधी विद्यापीठात ठेवण्यात आला आहे. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईतून सुरू केलेल्या 'बॉम्बे दोस्त' या नियतकालिकाचे अंक हेही या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. जुने कागद बहुधा व्यक्तींच्या घरीच राहतात, आणि त्या व्यक्तीच्या निधनानंतर ते ठेवायचे की टाकायचे, हे कायद्याने वारस ठरलेले जन्मकुटुंब ठरवते.